खानदेशातील दोन चांगदेव आणि कालप्रवासाची कल्पना

विज्ञानकथेच्या धर्तीवरील संगणकीय खेळांत काळ हा ये-जा करण्याचा मार्ग असतो. ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) या जपानी खेळात पात्रे भूतकाळात जाऊन घटना पालटतात आणि भविष्यास निराळे वळण लागते. काळावर मात करण्याची ही आकांक्षा खानदेशास अपरिचित नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथील योग्याने मृत्यूची वेळ वारंवार चुकवून चौदाशे वर्षे आयुष्य भोगले, अशी आख्यायिका आहे.

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आढळणारा चांगदेव याहून भिन्न होय. हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्याने स्थापिलेल्या मठास शके ११२८ मध्ये दान मिळाले. लेख संस्कृत असला, तरी बाजारातील मालावरील देण्यांचा तपशील जुन्या मराठीत आहे. या मठात शिकविल्या जाणाऱ्या गणितात अहर्गण, म्हणजे गत दिवसांची संख्या, मांडून कोणत्याही दिवसाची ग्रहस्थिती काढता येते. गणक अशा रीतीने भूतकाळात पोहोचतो. परंतु तेथील काही पालटू शकत नाही.

नामसाम्यामुळे या दोघांस एक मानणे म्हणजे आख्यायिकेस शिलालेखाचा पुरावा जोडणे होय. खेळातील प्रवाशास भूतकाळ बदलण्याची मुभा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ती नाही.