चिलीम : दरबारातून ओसरीपर्यंत

१/ इ.स. १६०४च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्यास परतला. त्याच्या नजराण्यात एक अपूर्व वस्तू होती : रत्नजडित नळीची चिलीम आणि सोबत तंबाखू. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. 🧵

२/ बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. या वनस्पतीचे गुणदोष आपल्या वैद्यकग्रंथांत नाहीत. न पारखलेली वस्तू बादशहाने घेऊ नये, हा त्याचा आक्षेप. असद बेगचे उत्तर असे : प्रत्येक प्रथा कधीतरी नवीच असते. अकबराने पुन्हा झुरका घेतला नाही. सरदारांनी मात्र तंबाखू उचलून धरली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तीही टिकली नाही.

३/ तंबाखू मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनेत रुजली. तिचे नावही पोर्तुगीजच; ‘चिलीम’ हा शब्द मात्र फारसीतून आला.

४/ श्रीमंतांच्या हुक्क्यासाठी गुडाखू तयार होई. तंबाखूचा चुरा गुळात किंवा काकवीत मळून मुरवत. त्यामुळे ती सावकाश जळे आणि धूर सौम्य लागे. हुक्क्यातल्या पाण्याच्या आवाजावरूनच ‘गुडगुडी’ हे नाव पडले.

५/ शेतकऱ्याची चिलीम साधी, भाजल्या मातीची. तंबाखू खाली निसटू नये म्हणून आत खडा, वर तळहातावर चुरलेली तंबाखू आणि तिच्यावर विस्तव. खालच्या टोकाला ओले फडके, म्हणजे छापी. ती मुठीत धरून मुठीतून झुरका घेत. ओठ मातीला लागत नसत.

६/ म्हणूनच ती हातोहात फिरू शके. पण कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या नाही, हे बहुधा जातच ठरवी. ओसरीवरच्या जिव्हाळ्यालाही कुंपण होते.

७/ शेगावच्या गजानन महाराजांच्या (समाधी १९१०) चरित्रात एक कथा येते. चिलमीसाठी मागितलेला विस्तव सोनाराने अक्षय्यतृतीयेला नाकारला. महाराजांची चिलीम विस्तवाशिवायच पेटली. चमत्कार हा श्रद्धेचा विषय. इतिहासाला त्यात वऱ्हाडातील रोजचा व्यवहार दिसतो : शेजाऱ्याकडे विस्तव मागणे.

८/ विसाव्या शतकात विडीने चिलमीची जागा घेतली. तिला विस्तव नको, छापी नको, सोबतीही नको. यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबनकडच्या रानात उन्हाळ्यात खुडला जाणारा तेंदूपत्ता याच विडीसाठी. सर्वांत फिरणारा धूर एकेकट्याचा झाला. पाने खुडणाऱ्या हातांना मात्र हंगामी मजुरी मिळाली.

९/ २ ऑक्टोबर २००८ पासून भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. दरबारातला वाद असद बेगने जिंकला होता. तंबाखूने होणारे कर्करोग आणि हृदयविकार आज सर्वज्ञात आहेत. ‘आधी पारखा’ म्हणणाऱ्या त्या हकिमाला न्याय मिळायला चारशे वर्षे लागली.