मालमोटारींचे परवाने आणि शेजाऱ्याचें गाऱ्हाणें

ज्याच्या खिडकीखालून पहांटे चार वाजतां मालमोटारी धडधडत निघतात, त्याचें म्हणणें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानें ऐकावें कीं नाहीं? ब्रिटनमधील कायद्याला याचें उत्तर देण्यास पन्नास वर्षें लागलीं.

पहिल्या महायुद्धानंतर तेथें मालमोटारी इतक्या वाढल्या कीं, रेल्वे कंपन्या हवालदिल झाल्या. सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखालीं १९३२ सालीं उभय पक्षांची परिषद बसली व पुढच्याच वर्षीं कायदा झाला. भाड्यानें माल नेणाऱ्यास 'ए', केवळ स्वतःचा माल नेणाऱ्यास 'सी' व दोन्ही करणाऱ्यास 'बी' असे परवाने ठरले. पैकीं 'ए' व 'बी' परवान्यांस हरकत घेतां येई, पण कोणाला? आधींपासून वाहतुकीच्या धंद्यांत असलेल्यांना, म्हणजे मुख्यतः रेल्वेला! ज्याचें उत्पन्न बुडे त्याचा वकील उभा राही. ज्याची झोंप मोडे त्याला कोणी विचारीत नसे.

१९६८ च्या कायद्यानें ही पद्धत मोडली. मालक लायक आहे काय, गाड्या सुस्थितींत ठेवतो काय, हें पाहण्याचें ठरलें. पोलीस, स्थानिक संस्था, कामगार-संघ यांना हरकतीचा हक्क मिळाला. शेजारी मात्र बाहेरच राहिला. १९८० सालीं सर आर्थर आर्मिटेज यांच्या अहवालांत जड मालमोटारींचा लोकांवर व परिसरावर होणारा परिणाम तपासला गेला. १९८२ सालीं कायदा दुरुस्त झाला आणि १९८४ पासून शेजाऱ्याला वाचा फुटली.

हा हक्क १९९५ च्या कायद्यांत कायम आहे. अर्जदारानें स्थानिक वृत्तपत्रांत सूचना छापली पाहिजे. ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत, गाड्यांच्या तळाजवळील घराजमिनीचा मालक किंवा रहिवासी लेखी निवेदन पाठवूं शकतो. आपल्या जागेच्या उपभोगांत बाध येतो एवढेंच त्यानें दाखवावयाचें. दूरच्या हमरस्त्यावरील वर्दळीची तक्रार येथें चालत नाहीं. वाहतूक आयुक्त तळाला मान्यता नाकारूं शकतात, किंवा गाड्यांची संख्या व त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा बांधून देतात.

तरी श्रोत्यांना नवल वाटेल असा एक भेद राहिलाच आहे. पोलिसांची 'हरकत' फेटाळली गेली तर त्यांना अपील आहे. शेजाऱ्याच्या 'निवेदना'ला तें नाहीं. शिवाय बारीक टाइपांतली ती सूचना नजरेंतून सुटली, तर तळाच्या फेरतपासणीची वेळ पांच पांच वर्षांनींच येते.