पाठपिशवीत मावणारा कॅमेरा

आटगाव स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे पाहिले की माहुलीचे सुळके दिसतात. मुक्कामी सहलीला आलेल्या मुलांना पहिला फोटो तिथेच हवा असतो. अशा सहलीसाठी शाळेला परवडेल असा कॅमेरा कोणता? उत्तर देण्याआधी आपण थोडे मागे जाऊ. कॅमेरा स्वस्त कसा झाला हे समजले, की त्यासाठी कशावर पाणी सोडावे लागले तेही समजते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक उत्साही सभासद. पुढे १८६१ मध्ये आगगाडी कसाऱ्यापर्यंत पोचली, म्हणजे आटगावचा मुलूख मुंबईहून एका दिवसाच्या टप्प्यात आला. पण कॅमेरा काही सहजी येणारा नव्हता. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्यापूर्वी धुवायची. सगळा कारभार काही मिनिटांचा, म्हणून काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी जागेवरच हवे. सॅम्युअल बोर्न १८६३ पासून हिमालयात फोटो घेत हिंडला, तो तिसाच्या घरात हमाल घेऊन! माहुलीच्या चढणीवर असले बिऱ्हाड नेणे कोणत्या मास्तरांना जमले असते?

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि तंबू सुटला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटोंची गुंडाळी होती, पण किंमत पंचवीस डॉलर. खरी स्वस्ताई आली १९०० सालच्या ब्राउनीने. एका डॉलरचे पुठ्ठ्याचे खोके, पुढे साधे भिंग, अंतर जुळवण्याची सोयच नाही.

आपल्याकडचा ब्राउनीचा भाऊबंद म्हणजे आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो बनवला. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक घरांतला तो पहिला कॅमेरा. १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६ सेंटिमीटर बाजूचे बारा चौकोनी फोटो निघत. फिल्म देशातच व्हावी म्हणून १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची ‘इंदू’ फिल्म उटीला तयार होई. ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’ आला आणि ‘खटॅक’ हा शब्द जाहिरातीतून मुलांच्या तोंडी बसला. बारा फोटोंत तीन दिवसांची सहल बसवायची, तर कोणता क्षण सोडायचा हे ठरवावेच लागे. ते चांगलेच होते असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या मुलाचा चेहरा त्या बारांत कुठेच नसे, आणि ते कळे रोल धुऊन आल्यावर.

अंतर न जुळवता चित्र स्पष्ट कसे येते, हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. भिंगाच्या नाभीय अंतराचा वर्ग करा. छिद्राचा अंक आणि चालून जाईल एवढी अस्पष्टता, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ०.०३ मिलिमीटर, यांच्या गुणाकाराने त्याला भागा. नाभीय अंतर ३५ मिलिमीटर आणि छिद्र एफ ८ असेल, तर १२२५ भागिले ०.२४, म्हणजे सुमारे ५.१ मीटर. भिंग या अंतरावर कायमचे बसवले, की त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे अडीच मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे रेखीव येते. मुले आणि मागचा किल्ला, दोन्ही साधतात. हातातले फूल मात्र पुसट येते.

लहान छिद्राची किंमत उजेडात मोजावी लागते. भर उन्हात १०० वेगाच्या फिल्मला एफ १६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो. तानसाच्या रानातल्या सावलीत मात्र उजेड आठ-दहा पटींनी सहज कमी होतो, आणि शेकोटीजवळ तर विचारूच नका. मुक्कामाचे जुने फोटो काळे निघत ते यामुळे. आटगावहून माहुली टिपायचा तो सकाळी. तेव्हा सूर्य आपल्या पाठीशी असतो. संध्याकाळी कड्याची नुसती काळी आकृती उरते.

आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात मोबाइल आहे, आणि गटाच्या फोटोसाठी वा किल्ल्यासाठी वेगळा कॅमेरा घेऊ नये असे आमचे मत आहे. दूरच्या पक्ष्यासाठी मात्र साध्या मोबाइलचे भिंग तोकडे पडते. पडद्यावर चित्र ताणून मोठे केले तरी त्यात नवा तपशील येत नाही. तेव्हा भिंगच पुढे सरकून प्रतिमा मोठी करणारा, वापरलेला छोटा डिजिटल कॅमेरा पाहावा. पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर उत्तम, कारण मुक्कामी वीज नसली तरी वाडीवरच्या दुकानात सेल मिळू शकतात. घेताना भिंगातून उजेडाकडे पाहा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी नको. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात ती लवकर धरते. म्हणून जून ते सप्टेंबर कॅमेरा कातडी पिशवीत न ठेवता, सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले, की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. तो तवा मात्र स्वयंपाकाला घेऊ नये.