घशातले आम्ल आणि गोळीची सवय

छातीत जळजळ नाही, तरी घसा सारखा खाकरावा लागतो, सकाळी आवाज बसलेला असतो. आयुर्वेदातील माधवनिदान या ग्रंथाने ऊर्ध्वग म्हणजे वर चढणाऱ्या अम्लपित्तात घशाची आग नोंदवली होती. १९९१ साली अमेरिकी घसातज्ज्ञ जेमी कॉफमन यांनी २२५ रुग्णांच्या अभ्यासातून पोटातले आम्ल घशाशी येण्याचा हा विकार ठळकपणे मांडला. १९८८ मध्ये आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल बाजारात आले होतेच. मग तपासणीआधीच गोळी देण्याची प्रथा रुजली. ती आता सोडायला हवी. २०२१ च्या ब्रिटिश चाचणीत १६ आठवडे त्याच गटातले लॅन्सोप्राझोल घेऊनही घशाच्या तक्रारी औषधविरहित गोळीपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. गोळीने बरे वाटते, हे खरे. पण औषधविरहित गोळीनेही वाटले. म्हणून आधी रात्रीचे जेवण लवकर, पलंगाची उशाकडची बाजू उंच. त्रास टिकल्यास २४ तासांची आम्लमापन चाचणी, आणि आम्ल सिद्ध झाल्यावरच दीर्घ औषध किंवा शस्त्रक्रिया.