टाळूखालचा ठोका



तान्ह्या बाळाला तेल लावताना टाळू उडते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो ठोका हृदयाचा. दर ठोक्याला डोक्यात रक्त चढतं आणि मेंदू किंचित हलतो. साधारण दीड वर्षात टाळू भरते, मग हे हलणं दिसत नाही. थांबत मात्र नाही, जन्मभर चालूच राहतं.

मोठ्या माणसाच्या बंद कवटीत ते पाहायचं कसं? इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोस्सो नावाचे शास्त्रज्ञ होते. आजाराने किंवा अपघाताने कवटीचं हाड गेलेल्या रुग्णांच्या डोक्यावर ते उपकरण बसवत. मेंदूच्या ठोक्यांची रेघ फिरत्या कागदावर उमटे. त्यांच्या रुग्णांत एक शेतकरी होता. एकदा दुपारी चर्चची घंटा वाजली. मोस्सोंनी विचारलं, "प्रार्थना म्हणायची नाही का?" विचारायचा अवकाश, मेंदूची रेघ उंच उडू लागली. हाताची नोंद मात्र तशीच राहिली! 1880 साली त्यांनी हे सारं पुस्तकात मांडलं.

पण त्यासाठी कवटी फुटलेलंच माणूस लागे. धडधाकट डोक्यात डोकावता आलं ते एमआरआयमुळे. त्यात क्ष-किरण नसतात, मोठं लोहचुंबक असतं. म्हणून तर मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवायला सांगतात. आणि गंमत बघा, "अजिबात हलू नका" असंही बजावतात. आपण निपचित पडतो, मेंदू आत हलतच असतो.

1987 साली अमेरिकेत डेव्हिड फाइनबर्ग आणि अलेक्झांडर मार्क यांनी एमआरआयने हे हलणं मोजलं. ठोक्यासरशी मेंदूचा मधला भाग जरासा खाली, मानेकडे सरकतो आणि भोवतालचं पाणी ढकलतो. सरकणं अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! 2016 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समँथा होल्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी तेच मोठं करून चलचित्रासारखं दाखवलं.

याचा उपयोग काय? काहींच्या मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरलेला असतो. तिथं पाण्याची वाट अडते, मेंदूचं हलणंही बिघडतं. या आजाराला कियारी म्हणतात. खोकलं, शिंकलं की डोक्याच्या मागच्या बाजूला जोराची कळ येते. प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय लागत नाही, पण अशी कळ वारंवार येत असेल, तर "बाईचं डोकं दुखायचंच" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना "खोकल्यावरच दुखतं" असं नेमकं सांगा.