झाड आधी की तार आधी?

बडोद्याचं नावच मुळी झाडावरून आलेलं आहे. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्क सुवर्णवर्ष याच्या इ.स. ८१२ च्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ नावाचं गाव दान दिल्याची नोंद सापडते. हे गाव अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा, या चौऱ्याऐंशी गावांच्या विभागातलं. वडांचं गाव ते वडपद्रक. अशा गावात तारा, खांब आणि टॉवर आले तेव्हा झाडांचं आणि झाडांखालच्या माणसांचं काय झालं, हे विचारायलाच हवं.

सुरुवात तारायंत्रापासून करू. कलकत्त्याचे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये बांबूंवर तारा ताणून प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन उभी राहिली आणि १८५५ मध्ये मुंबई, कलकत्ता, आग्रा, मद्रास यांना जोडणारं तारायंत्र जनतेसाठी खुलं झालं. इंग्लंडमधली पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. लाकडी खांबांना वाळवी लागे, तारांवर माकडं लोंबकळत, घारी बसत. म्हणून ओशॉनेसींनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळया वापरल्या. पर्यावरणाचा विचार पहिल्यांदा झाला तो असा, म्हणजे निसर्गापासून तार कशी वाचवायची एवढ्यापुरताच.

तारेपासून लोकांना वाचवायचा विचार कायद्यात आला तो १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात. त्याचं कलम १० वाचण्यासारखं आहे. तारखात्याला कुणाच्याही जमिनीवर खांब रोवता येईल, पण जमीन त्याच्या मालकीची होणार नाही; नगरपालिकेची जागा असेल तर तिची परवानगी लागेल; नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. कलम १८ तर थेट झाडांबद्दल बोलतं. तारेला अडथळा ठरणारं झाड दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने तोडता येईल. मात्र ते झाड तार टाकण्याच्या आधीपासून उभं असेल, तर त्यात ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना भरपाई मिळेल.

म्हणजे खरा प्रश्न हा : झाड आधी की तार आधी?

त्या काळी बडोदा संस्थान होतं. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि देशाचे कायदे ते आपलेही कायदे झाले. १८८५ च्या या कायद्याचं आयुष्य पाहा! शेवटची सरकारी तार २०१३ च्या जुलैमध्ये गेली, तरी कायदा टिकून होता. इतकंच नव्हे, विजेच्या मोठ्या वाहिन्या शेतातून नेताना आजवर याच कायद्यातले अधिकार वापरले गेले आहेत.

दूरसंचाराचा एक धागा बडोद्याशी जुळतो. सॅम पित्रोदा महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथे तयार झालेलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज धूळ आणि उकाडा सोसून, वातानुकूलनाशिवाय चालेल असं बनवलं होतं. परिस्थितीला यंत्राप्रमाणे वाकवण्यापेक्षा यंत्रच परिस्थितीप्रमाणे बेतायचं, ही साधी गोष्ट. शिवाय एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांनी गल्लोगल्ली रोजगार दिला, अनेक अपंग व्यक्तींनाही.

१९९५ मध्ये मोबाइल आला आणि चित्र बदललं. आता गच्चीगच्चीवर टॉवर, त्याखाली डिझेलचं जनित्र. घरमालकाला भाडं मिळतं, आवाज आणि धूर मात्र शेजाऱ्याच्या वाट्याला. लहरींची भीतीही पसरली. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्याच वर्षी, २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे आणि शहरांतले २० टक्के टॉवर संमिश्र ऊर्जेवर चालावेत, असाही आदेश निघाला. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांत आणखी एक पाऊल पडलं : रस्ता खणायची परवानगी मागणाऱ्याने लोकांची काय गैरसोय होईल आणि ती कमी करायला काय करणार, हे अर्जातच लिहायचं. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आहे आणि त्याखालचे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत.

या सगळ्या प्रवासात एक उणीव मात्र दिसते. १८८५ च्या कायद्याला भरपाई मागणारा ‘हितसंबंधी’ माणूस लागायचा. शेतातल्या आंब्याला मालक असतो. रस्त्याकडेच्या वडाला कोण? त्याच्या सावलीत बसणारा भाजीवाला, त्यावर घरटी करणारे पक्षी, वटपौर्णिमेला त्याला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या बायका यांचा हितसंबंध कुठल्या रजिस्टरात लिहिलेला असतो? खालून केबलसाठी चर खणताना मुळं तुटतात, वरून केबलची भेंडोळी फांद्यांना अडकवली जातात. झाड एका दिवसात पडत नाही. दहा वर्षांनी पडतं, आणि तेव्हा केबलवाल्याला कुणी विचारत नाही.

इथे इतिहासप्रेमींना करण्यासारखं काम आहे. ‘आधी कोण’ याचं उत्तर पुराव्याने द्यावं लागतं आणि तो पुरावा आपल्या घरांतच पडून आहे : जुन्या लग्नांचे फोटो, शाळेचे समूहफोटो, रावपुरा-दांडिया बाजारातली छायाचित्रं, नकाशे. मागे दिसणारं झाड ओळखायचं, वर्ष लिहायचं, जागा लिहायची. अशी यादी महापालिकेकडे असेल, तर पुढचा चर खणायच्या आधी तो चार हात बाजूने नेता येईल. फोन तर सगळ्यांनाच हवा आहे, आपल्यालाही. पण वडांच्या गावात वड आधी होता, एवढं तरी कागदावर असू द्या.