टेकलेलें पाऊल

इ. स. १९६१ सालीं स्कॉटलंडच्या डोंगरांत गॉर्डन जॅक्सन नांवाच्या इंग्रज स्वाराचें एक पाऊल जमिनीला टेकलें. सहा दिवसांच्या कसोटींत त्याच्या हातून घडलेला अपराध काय तो एवढाच! स्पर्धा त्यानें जिंकली. परंतु त्या खेळाचे जाणते विजयापेक्षां त्या पावलाचीच गोष्ट अधिक सांगतात. त्या क्षणाचें छायाचित्रहि निघालें, आणि तें पुढें अनेक वार छापलें गेलें.

एका पावलाचें एवढें कौतुक कां, हें कळण्यास त्या खेळाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. मोटारसायकल म्हटली कीं वेग, धूळ आणि फटफटाट यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. ‘ट्रायल’ म्हणून जो खेळ आहे तो याच्या अगदीं उलट. ट्रायल म्हणजे कसोटी. ओढ्याचें खडकाळ पात्र, शेवाळलेली चढण, मुळांनीं भरलेली निसरडी वाट, अशा जागीं हद्दी आंखतात, आणि त्यांमधून स्वारानें पाय न टेकतां पार व्हावयाचें असतें. बाजूला निरीक्षक उभा असतो. एकदां पाय टेकला तर एक गुण दंड. पाय टेकीत टेकीत गेला तर तीन. गाडी थांबली किंवा हद्दीबाहेर गेली तर पांच. ज्याचा दंड सर्वांत कमी तो विजयी. स्वार बैठकीवर बसून राहत नाहीं. उभा राहून सर्व अंगानें तोल संभाळतो. चाल पायीं जाणाऱ्या माणसाएवढी, पुष्कळदां त्याहूनहि मंद. पावसाळ्यांत घाटांतला ओढा ओलांडतांना प्रत्येक दगड पायानें चांचपणारा वाटसरू ज्यानें पाहिला असेल, त्याला या कलेची थोडीफार कल्पना येईल.

स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी ही या खेळाची पंढरीच म्हणावयाची. पहिल्या महायुद्धापूर्वींपासून ती चालत आली आहे. त्या काळीं स्वार एडिंबरोहून निघत आणि बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यम गांवाभोंवतींचे डोंगर पालथे घालीत. ज्या गाडीवर ओढे चढावयाचे, त्याच गाडीवर शेंकडों मैलांचा रस्ताहि कापावयाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ सालीं ही स्पर्धा पुन्हां सुरू झाली, आणि ह्यू व्हायनी यानें ती लागोपाठ तीन वर्षें जिंकली. १९५३ सालीं चौथ्यांदां. त्याची गाडी ए. जे. एस. कंपनीची, हल्लींच्या गाड्यांच्या जवळजवळ दुप्पट वजनाची. असलें धूड दगडांवरून मांजराच्या पावलानें नेणें हें बळाचें काम नव्हे, संयमाचें आहे. जॅक्सनहि त्याच कंपनीचा स्वार.

या परंपरेचा कळस म्हणजे सॅमी मिलर. जन्म १९३३ सालचा, बेलफास्ट शहरांतला. वेगाच्या शर्यतींतहि तो कांहीं कमी नव्हता. १९५७ सालीं २५० सी. सी. च्या जागतिक स्पर्धेंत त्याचा तिसरा क्रमांक आला होता. पण त्याचें मन रमलें तें मंद चालीच्या या खेळांत. १९५९ पासून १९६९ पर्यंत सलग अकरा वर्षें ब्रिटनचें अजिंक्यपद त्याच्याकडे होतें. त्याची ५०० सी. सी. ची एरियल गाडी तिच्या पाटीवरील ‘जीओव्ही १३२’ या नोंदणी-क्रमांकानेंच लोक ओळखीत. शिवाय मिलर नुसता स्वार नव्हता, कारागीरहि होता. त्यानें चौकट हलक्या नळ्यांची केली, टाकी फायबरग्लासची बसविली, आणि सुमारें तीनशें पौंडांची ती गाडी अडीचशेंच्या आसपास आणिली.

आणि कारखाना काय करीत होता? एरियल कंपनीनें १९५९ सालींच त्या जातीच्या गाड्या बनविणें बंद केलें होतें. बाजार दुसरीकडे वळला, हिशेबनीस म्हणाले तें झालें. पुढें पांच वर्षें मिलर त्या बंद पडलेल्या वाणाच्या गाडीवर जिंकीत राहिला. १९६२ व १९६४ सालची स्कॉटिश कसोटी त्यानें तिच्यावरच मारली. मग १९६४ च्या अखेरीस तो स्पेनमधील बुल्टाको कंपनीकडे गेला. तिचा संस्थापक फ्रान्सिस्को बुल्टो. तेथें मिलरनें निम्म्या क्षमतेच्या इंजिनाची, दोनशें पौंडांच्या आसपासची ‘शेर्पा’ गाडी घडविण्यास हात लाविला, आणि १९६५ सालीं तिच्यावर बसून स्कॉटलंड जिंकलें. परदेशी गाडीनें ती कसोटी जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग.

स्वदेशीं नांव मिळविलेल्या स्वारानें परक्याची गाडी हातीं धरावी, हा स्वामिद्रोह नव्हे काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत सहज येईल. पण स्वामी तरी कोठें उरला होता? ज्या कलेनें कंपनीचें नांव डोंगरोडोंगरीं नेलें, तिची किंमत कंपनीला कळली नाहीं, परक्याला कळली. ए. जे. एस. बनविणारी मूळ संस्था १९६६ सालीं बुडाली, म्हणजे जॅक्सनच्या त्या पावलानंतर अवघ्या पांच वर्षांत. खुद्द बुल्टाकोचेंहि उत्पादन १९८३ सालीं थांबलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

मिलरनें पुढें इंग्लंडमध्यें हॅम्पशर परगण्यांतील न्यू मिल्टन येथें मोटारसायकलींचें संग्रहालय उभारलें. त्यांत त्यानें आपली जुनी एरियल आणून ठेविली, जीओव्ही १३२ ही पाटी तशीच ठेवून.